पडत्या बाजारातला ओटा

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

नत्थुजी परत आले.

दीड वर्षापूर्वी याच माणसानं माझ्याकडचं पोस्टाचं आरडी खातं बंद केलं होतं. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. तेव्हा म्हणाले होते, "बाई, तुमचं पोस्ट म्हंजे बैलगाडी हाये. जावई म्हंते, आता म्युच्युअल फंड." आज दारात चप्पल काढता काढताच विचारलं, "पोस्टात सध्या काय व्याज हाये?" सांगितलं. "बरं हाये," म्हणाले. दीड वर्षापूर्वीही एवढंच होतं. तेव्हा बरं नव्हतं.

बाजार आज फारच पडला म्हणे. टीव्हीवर सगळं लाल. नत्थुजींनी आधी पाणी घेतलं, मग हळूच विषय काढला — उरलेले काढून सोनं घ्यावं, का तिवशाकडं प्लॉट, का बकऱ्या, का पोस्ट? चारही एका दमात. मी म्हटलं, सोन्याला चोराची भीती, प्लॉटला भावकीची, बकरीला रोगाची. पोस्टाला फक्त रांगेची.

हसले. मग म्हणाले, "तुमी सोता कुठं टाकता?"

"पोस्टात."

बावीस वर्षं पोस्टाची एजंट आहे मी. अकोल्यातल्या निम्म्या गल्ल्या पायाखालच्या. हे उत्तर हजार वेळा दिलं असेल. आज पहिल्यांदा ते खोटं होतं.

१ मार्च

आणखी दोन फोन. दोघीही जुन्या खातेदार. दोघींनी आधी माझ्या गुडघ्याची चौकशी केली. गुडघा माझ्या आईचा दुखतो, माझा नाही.

५ मार्च, बुधवार

लिहून टाकते. दुसरीकडं कुठं बोलायची सोय नाही.

आईचे तीन लाख पोस्टात नाहीत.

भातकुलीकडचा बाबांचा मळा विकला तेव्हा आईच्या वाट्याला तेवढे आले. ती अमरावतीत शेखरजवळ राहते — माझा धाकटा भाऊ. पण पैसे तिनं त्याला दिले नाहीत, मला दिले. कापडी पिशवीत घालून, वरून निशिगंधाच्या जुड्या ठेवून, बसमध्ये कोणाला दिसू नयेत म्हणून. "पोस्टात टाक. शेखरले सांगू नोको." गेल्या सप्टेंबरातली गोष्ट.

त्या महिन्यात माझी अकरा खाती बंद झाली. बंद करताना प्रत्येकानं मला समजावून सांगितलं. पैसा कसा वाढतो ते. मला! वरच्या मजल्यावरची मोनाली बँकेत आहे, तिनं मोबाइलवर रेषा दाखवली. रेषा वरच जात होती. "काकू, पोस्टात पैसा म्हातारा होतो." मी तिच्याकडून खातं उघडून घेतलं. अर्धे एका फंडात, अर्धे तिच्या नवऱ्यानं सांगितलेल्या एका सोलर कंपनीच्या शेअरमध्ये.

"आईच्या भल्यासाठी" असं लिहिणार होते. पण ही वही वाचतं कोण? खरं असं, की पोस्टाएवढं व्याज आईला द्यायचं आणि वरचं मी ठेवायचं, असा माझा विचार होता.

तीन लाखांचे आज एक लाख शहाण्णव हजार आहेत. मोनाली म्हणते, "काकू, विकलं नाही तोवर तोटा नाही." मी बावीस वर्षं लोकांना सांगत आले, हातात आला नाही तोवर नफा नाही. दोन्ही वाक्यं एकाच घरात राहतात, वर आणि खाली.

१४ मार्च, धुळवड

रंग कोणी खेळलं नाही. यांना मिलला सुट्टी, दिवसभर झोपले.

शेखरचा फोन. बाजार पडलेला असताना पैसा कुठं टाकावा याची पूर्ण माहिती शेखरकडे आहे. पैसा नाही. या वेळी परतवाड्याला मित्रासोबत बकरीपालन. "वीस बकऱ्या घेतल्या का वर्षात साठ होतात." मी विचारलं, मागच्या वेळी आईनं घेऊन दिलेल्या कोंबड्या किती झाल्या होत्या? म्हणाला, "ते वेगळं होतं."

मागून आईचा आवाज. "सुभी हाये का? मले दे." फोन घेऊन एवढंच म्हणाली, "येऊन जा. काम हाये." काम काय ते सांगितलं नाही. शेखर ऐकत असणार.

ह्यांना संध्याकाळी सहज विचारलं, तुमच्या दालमिलमधली माणसं पैसा कशात टाकून राहिली? म्हणाले, "गेल्या वर्षी तुरीत टाकला. भाव पडला. आता तूरच खाऊन राहिले."

२४ मार्च, सोमवार

अमरावतीला जाऊन आले. जाताना मूर्तिजापूरला बस पाऊण तास उभी. चांगलं झालं, असं वाटलं.

आई मार्केटमध्येच होती. फुलांच्या ओळीत, रस्त्याच्या कडेला, गोणपाट अंथरून. चाळीस वर्षं तिथंच बसते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी उठताना शेजारच्या गंगूबाईच्या खांद्याचा आधार घेते. गंगूबाई तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, खांदा न मागता पुढं करते.

आईनं समोर बोट दाखवलं. ओळीच्या तोंडाशी भगवंतजींचा ओटा. सिमेंटचा, वर टिनाचं शेड, मागं नळ. भगवंतजींना मुलगा नागपूरला घेऊन चालला, ते ओटा देऊन टाकणार आहेत. पावणेतीन लाख मागतात. अक्षयतृतीयेपर्यंत, म्हणजे तीस एप्रिलपर्यंत थांबायला तयार.

"माये पैसे काढून आण."

मी एजंटसारखी बोलले. दुसरं बोलता येत नव्हतं. आई, या वयात ओटा घेऊन काय करशील, पैसा अडकेल, पोस्टात व्याज साचत राहतं, ओट्याला काय व्याज?

"तुया पोस्टात किती वर्षं ठेवाचे रायतात?"

"पाच."

"मंग पाच वर्षं तर ओटा बी राहीन. तो सिमेटाचा हाये."

गंगूबाई तोंड फिरवून हसली. मी म्हटलं, पोस्टातून काढायला वेळ लागतो.

"किती?"

"पंधरा-वीस दिवस."

"टाकाले किती लागले होते?"

मी हार बांधू लागले. आईनं तो उकलून परत बांधला. गाठ सैल होती म्हणे.

२८ मार्च, शुक्रवार

बाजार दहा दिवसांपासून वर येतोय. दोन लाख अठरा हजार. मोनालीनं जिन्यातूनच अंगठा दाखवला. "थांबा काकू, मेपर्यंत तीन होतील."

पोस्टात आज बायांची रांग रस्त्यापर्यंत. महिला सन्मानची योजना महिनाअखेर बंद होते. सगळ्या एकच विचारतात, ताई, इथं तर बुडत नाही ना? नाही, नाही म्हणून तोंड दुखलं. एका बाईनं तर माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. शपथ घे म्हणे. घेतली. पोस्टाबद्दल घ्यायला काय हरकत आहे.

मेपर्यंत नको, वीस एप्रिलपर्यंत झाले तरी पुरे.

३० मार्च, पाडवा

आईचा फोन. "पोस्टात आज सुट्टी असन." असेल म्हटलं. "मंग उद्या विचार."

२ एप्रिल

"उद्या विचारते" असं तिला तिसऱ्यांदा सांगितलं. ती रागावत नाही, हेच वाईट. "बरं," म्हणते आणि फोन ठेवते.

७ एप्रिल, सोमवार

संपलं.

सकाळी सव्वानऊला बाजार उघडला तो खालीच उघडला. परदेशातल्या कुठल्या तरी कराचं कारण आहे. त्या कराचा आणि माझ्या आईच्या ओट्याचा संबंध मला कोणी समजावून सांगावा. दुपारी मोनाली बँकेतून फोनवर. "काकू, घाबरू नका, असं होतच असतं, लाँग टर्म बघा." म्हटलं, माझं लाँग टर्म तीस एप्रिलला संपतं.

तिनं समोरच्या ग्राहकाला थांबायला सांगितलं. मग म्हणाली, "काकू, तुम्ही सांगितलं नव्हतं की हे पैसे लागणार आहेत." खरं आहे. ते पैसे कोणाचे आहेत हेही सांगितलं नव्हतं.

८ एप्रिल, मंगळवार

सगळं विकलं. सगळं काटून एक लाख शहाऐंशी हजार हातात येतील.

मग सराफाकडे गेले. दोन पाटल्या, लग्नातल्या, मिळून दीड तोळ्याच्या. साबण लावून काढाव्या लागल्या. सराफ म्हणाला, भाव चांगला आहे, पण थांबलात तर आणखी वाढेल. थांबण्याबद्दल कोणाचं काही ऐकायचं नाही असं मी कालच ठरवलं होतं. घट धरून एक लाख पंधरा हजार.

एक लाख शहाऐंशी आणि एक लाख पंधरा. तीन लाखांवर एक हजार उरले. मुदतीआधी मोडलं म्हणून एवढंच व्याज, असं आईला सांगता येईल.

मनात म्हटलं, सुभद्रे, सुटलीस.

१३ एप्रिल, रविवार

सुटले नाही.

पिशवी घेऊन मार्केटमध्ये गेले. मोगऱ्याचा सीझन. आई गजरे करत बसली होती. म्हटलं, घे, पैसे आलेत. तिनं पिशवी दोन्ही हातांनी घेतली. आत पाहिलंच नाही. माझ्या हातांकडं पाहिलं.

"पाटल्या?"

"पॉलिशला टाकल्या."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"तीस वर्षांत एक दिस उतरवल्या नाही तुनं. बाळंतपणात नाही उतरवल्या." पिशवी मांडीवर तशीच. "सांग आता."

सांगितलं. सगळं. मोनालीची रेषा, सोलर, वरचं मी ठेवणार होते तेही. तेवढं लपवता आलं असतं, पण एकदा बोलू लागले तर थांबता येईना. ती गजरा बांधत राहिली. गंगूबाई ओल्याच फुलांवर पुन्हा पाणी शिंपडत बसली. मध्ये एक माणूस येऊन दहाचा गजरा घेऊन गेला, आईनं त्याला सुटे परत दिले.

मग म्हणाली, "यातले माये किती?"

"एक लाख शहाऐंशी."

"येगळे कर."

भर मार्केटमध्ये पदराखाली मोजले. बाकीचे तिनं माझ्याकडं सरकवले. "हे तुये. माया पैशात हे मिसळू नोको."

"आई, मग ओटा—"

"ओट्याचं मी पाहीन."

मला वाटलं, झालं. पण गजऱ्याचा दोरा दातानं तोडून म्हणाली, "पैसा जाते. मळा जातानी मीनंच अंगठा देला. पण तू मले रोज तारीख देत होती, सुभे. कोर्टावानी."

चार वाजेपर्यंत तिथं बसले. "शेवंती दे", "दोरा दे", याशिवाय ती माझ्याशी बोलली नाही. निघताना डब्यातली अर्धी भाकरी मात्र बांधून दिली.

१४ एप्रिल

दिवसभर कपाट आवरलं. आवरलेलंच होतं.

१६ एप्रिल, बुधवार

ह्यांना सांगितलं. पाटल्या पॉलिशला आहेत, हे त्यांनी आठ दिवस मानून घेतलं होतं, का मानल्यासारखं केलं होतं, ते माहीत नाही. ऐकून घेतलं. चहा संपवला. म्हणाले, "तुया पाटल्या भाकरी थापतानी वाजत. त्यानं मले सकाळी जाग ये. आता मोबाइलले गजर लावा लागन."

आणि खरंच लावला. साडेपाचचा.

मी मोरीत जाऊन रडले. पंधरा मिनिटं. मग भाजी करायची होती.

१९ एप्रिल, शनिवार

शेखरचा फोन, भडकलेला. आईनं ओट्यात गंगूबाईला भागीदार घेतलं. कमी पडणारे एकोणनव्वद हजार गंगूबाईनं घातले. "घरात सोताचा पोरगा असून बाहेरची बाई!" त्याचं म्हणणं, ओटा त्याच्या नावानं करावा, तो लगेच भाड्यानं देईल, भाड्याच्या भरवशावर बकऱ्यांसाठी कर्ज मिळतं. "ताई, तू आईले सांग ना. तुयं आयकते ते."

म्हटलं, सध्या नाही ऐकत.

"कावून?"

त्याला आईनं सांगितलेलं नाही. पैसे कोणाकडं होते, किती होते, किती राहिले, काहीच नाही. तिनं मला त्याच्यासमोर पडू दिलं नाही. हे मला फोन ठेवल्यावर कळलं.

२२ एप्रिल, मंगळवार

सोनं लाखावर गेलं. तोळ्याला एक लाख. रस्त्यात जो तो हेच बोलतोय.

एक लाख पंधरा हजार घेऊन सराफाकडं गेले. तशाच दोन पाटल्यांचे आता मजुरी, टॅक्स धरून एक लाख पंचावन्न. चौदा दिवसांत! बाजार तळाला असताना शेअर विकले, आणि सोनं उडायच्या आधी सोनं. दोन्हीकडं अचूक. सराफ चांगला माणूस आहे, मी सांगितलं होतं म्हणाला नाही. थंड पाणी दिलं.

मोनाली म्हणाली, बाजारही वर येऊन राहिला. मी तिला विचारलं नव्हतं.

पैसे पोस्टात टाकले. रांगेत मीही उभी राहिले, एजंटच्या खिडकीशी न जाता. मागच्या बाईनं विचारलं, "ताई, इथं बुडत तर नाही ना?"

२४ एप्रिल, गुरुवार

नत्थुजी चार लाखांचा चेक घेऊन आले. जावयाशी भांडून आलेले. म्हणाले, "सगळे तुमच्या हवाली. तुमी जिथं टाकता तिथंच टाका."

फॉर्म काढला. नाव लिहिलं. मग पेन खाली ठेवलं आणि सांगितलं — मागच्या वेळी तुम्ही विचारलं होतं तेव्हा मी खोटं बोलले. माझ्या आईचे पैसे मी शेअरमध्ये टाकले होते. लाखाच्या वर गेले. पोस्टाची योजना चांगलीच आहे, त्यात खोटं नाही. खोटी मी होते.

नत्थुजी कंडक्टर होते, माणूस बिनतिकिटाचा निघाला की कसं बघायचं ते त्यांना येतं. तसंच बघितलं. चेक घडी करून खिशात ठेवला. "इचार करून सांगतो, बाई."

ते आता दुसऱ्या एजंटकडे जाणार. पोस्टात जाणार, एवढं मात्र नक्की.

२६ एप्रिल

नत्थुजी बोलले असावेत. त्यांच्या गल्लीतल्या तीन बायांनी खाती माझ्याकडून काढून घेतली. एकीनं पासबुक परत मागायला नातीला पाठवलं. तरुण खातेदार आधीच मोबाइलवर गेलेले, म्हातारे आता हे. हातात अठरा खाती राहिली. बावीस वर्षांपूर्वी पहिल्या महिन्यात एकोणीस होती.

हे म्हणाले, "सांगतलं नसतं तर चाललं नसतं का?"

चाललं असतं.

२८ एप्रिल, सोमवार

आईचा फोन, तेरा तारखेनंतर पहिला. "परवा सकाळच्या गाडीनं ये. आधार कार्ड आण, दोन फोटो आण." फोटो कशाला विचारायच्या आत ठेवला. साक्षीदार लागत असेल.

३० एप्रिल, बुधवार, अक्षयतृतीया

साक्षीदार नव्हते मी. वकिलाच्या टेबलावर ओट्याचा कागद तयार होता. घेणाऱ्यांमध्ये दोन नावं — गंगूबाईचं आणि माझं. आईचं कुठंच नाही. मी म्हटलं, आई, चूक झाली, शेखरचं तरी घाल. तो दारातच उभा होता. त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "त्याचं सोताचं आजून काई बुडालं नाई, तो उद्याच इकून टाकीन. तुयं बुडालं हाये. तू जपशीन. कर सही."

केली.